रंकाळ्याच्या फेऱ्या आणि गेलेला तोल

पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलं की साठी-सत्तरीतली कितीतरी मंडळी झपाझप चालताना दिसतात. "रोज फेरी मारतोय, मला काय होतंय?" असं त्यातल्या कुणी ना कुणी म्हणतंच. मग एक दिवस कळतं, अमके काका मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. घरातले चक्रावतात, "चालायला तर रोज जायचे की!"

चालणारा माणूस पडतो कसा, हे कोडं डॉक्टरांनाही बराच काळ पडलं नव्हतं. म्हातारं माणूस पडलं म्हणजे वय झालं, एवढ्यावर विषय संपायचा. मोडलेलं हाड बसवायचं आणि रुग्णाने अंथरूण धरायचं. पडण्याकडे मुद्दाम बघायला सुरुवात झाली ती इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी. जे. एच. शेल्डन या डॉक्टरांनी वृद्धांच्या ५०० पडण्यांचा अभ्यास करून कोण कसं पडलं याची वर्गवारी १९६० साली छापली. उपाय फारसा हाती आला नाही, पण पडण्यालाही कारणं असतात एवढं तरी कागदावर आलं.

पुढचं मोठं पाऊल १९८८ सालचं. अमेरिकेत मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं. जवळपास एक तृतीयांश लोक निदान एकदा पडले. पायांतली कमजोरी, चालण्यातला आणि तोलातला दोष, पावलांच्या तक्रारी, झोपेची औषधं अशी कारणं पुढे आली. यांपैकी एकही कारण नसलेल्यांत पडण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, चार किंवा जास्त असलेल्यांत ७८ टक्के. झोपेची गोळी बदलता येते. पायांत बळ आणता येतं का, हा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर १९९० साली बोस्टनमधून आलं. मारिया फिआटारोनी यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. तालमीच्या गावात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये, पण आपल्याकडेही वस्तादांखेरीज म्हातारी माणसं लाल मातीकडे फिरकत नाहीत. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, पेठापेठांतून तालमी नांदल्या. तरी बैठका मारायच्या त्या पोरवयात, मिसरूड फुटेपर्यंत किंवा फार तर लग्नापर्यंत. आणि बायकांना तर त्या मातीत जागाच नव्हती. म्हातारपणी खुबा मोडून घेणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त.

बायकांचा तोल सांभाळत होतं ते घर, असा माझा तर्क आहे. चुलीपुढे उकिडवं बसणं, जात्यावरून उठणं, पाटावर पंगतीला बसणं, पंचमीला झिम्मा-फुगडी. मग ओटा आला, सोफा आला, कमोड आला. गुडघ्यांची सोय झाली यात शंका नाही, मी स्वतः जमिनीवर जेवायला बसायचं टाळतो. पण दिवसातून पन्नास वेळा न मागता होणारी उठबस गेली.

व्यायामाने पडणं खरोखर कमी होतं हे ठळकपणे दाखवलं न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने, १९९७ मध्ये. जॉन कॅम्पबेल आणि त्यांच्या चमूने ऐंशी वर्षं व त्यावरच्या २३३ बायका निवडल्या. निम्म्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेले आणि घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, टाच-चवडा जोडून चालणं, एका पायावर उभं राहणं असे प्रकार शिकवून आले. वर्षभरात व्यायाम करणाऱ्या ८८ वेळा पडल्या, न करणाऱ्या १५२ वेळा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ताई-ची या चिनी संथ व्यायामाचाही असाच गुण दिसला होता.

रंकाळावाल्यांनी वाचायला हवा असा अभ्यासही १९९७ सालचाच. ब्रिटनमध्ये हाताचं हाड मोडून गेलेल्या बायकांना भरभर चालायला लावलं, तर त्या कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या. आणि २०१९ साली कॅथरीन शेरिंग्टन व सहकाऱ्यांनी १०८ चाचण्या, २३ हजारांहून जास्त माणसं एकत्र करून पाहिली, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हे श्रेय मुख्यतः तोल आणि ताकदीच्या व्यायामाचं. नुसत्या चालण्याबद्दल खात्रीने सांगावं असा पुरावा मिळाला नाही.

कारण साधं आहे. चालणं हृदयाला, साखरेला चांगलं, पण सरळ रस्त्यावर तोलाची परीक्षा होत नाही. उंबऱ्याला ठेच लागली की पाय क्षणात पुढे टाकावा लागतो. वयाबरोबर स्नायूंची हीच चपळाई ताकदीच्याही आधी जाते. शिवाय डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग आणि तळपायाची जाणीव ही तिन्ही मंदावतात. मधुमेहात तर तळपाय बधिरही होऊ शकतात, आणि अशा पायात टाच मोकळी ठेवणारी, घासून गुळगुळीत झालेली कोल्हापुरी असेल तर बघायलाच नको.

तेव्हा फेरी बंद करायची नाही, तिच्या शेवटी कट्ट्याला धरून थोडी भर घालायची. एका पायावर दहा आकडे मोजायचे. टाचा उचलायच्या. बाकावरून हात न टेकता पाच-दहा वेळा उठायचं, आणि ही तर तालमीतल्या बैठकेचीच धाकटी बहीण आहे. आधी पडून झालेल्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी उभं असावं.