परिसररचना आणि मुलांची शारीरिक हालचाल

परिसररचना आणि मुलांची शारीरिक हालचाल : घराच्या उंबरठ्यापासून मूल स्वतःच्या पायांनी जेथवर जाऊ शकते तेवढ्या टापूतील रस्ते, गल्ल्या, अंगणे, मैदाने, शाळा आणि दुकाने यांच्या मांडणीचा मुलांच्या चालण्या-धावण्यावर आणि खेळण्यावर होणारा परिणाम. नगररचना, वाहतूक अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य आणि बालविकास या शाखांच्या सीमेवर हा विषय येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचविली आहे. २०१६ पर्यंतच्या पाहण्यांवर आधारलेल्या जागतिक अंदाजानुसार ११ ते १७ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांची हालचाल याहून कमी भरते. शाळेतील शारीरिक शिक्षणाचे तास आणि शुल्क भरून चालणारे क्रीडावर्ग यांचा विचार येथे केलेला नाही. जी हालचाल ठरवून केली जात नाही, केवळ दार उघडून बाहेर पडता येते म्हणून घडते, तिच्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

मुलाच्या पायी अंतराला वस्तीचे माप मानण्याची कल्पना सामान्यतः अमेरिकन अभ्यासक क्लॅरन्स पेरी (१८७२–१९४४) यांच्या नावावर जमा केली जाते. न्यूयॉर्क प्रादेशिक आराखड्याच्या १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात त्यांनी ‘शेजार-एकक’ मांडले. एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी लोकवस्ती, सुमारे १६० एकर क्षेत्र, मध्यभागी शाळा, मोठे रस्ते केवळ सीमेवर, आतील रस्ते परक्या वाहनांना आडवाट म्हणून वापरता येणार नाहीत असे, आणि सुमारे दहा टक्के जमीन उद्याने व क्रीडांगणांसाठी, अशी तिची रूपरेषा होती. १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाजूचा चौरस. त्यामुळे मध्यावरील शाळेपासून कडेपर्यंतचे सरळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर येते. मात्र या कल्पनेचे जनकत्व वादातीत नाही. शिकागोच्या सिटी क्लबने १९१२-१३ मध्ये घेतलेल्या स्पर्धेत वास्तुविशारद विल्यम ड्रमंड यांनी सादर केलेल्या आराखड्यात हीच संज्ञा आढळते. त्या स्पर्धेतील भूखंडही १६० एकरांचाच होता आणि तिचे आराखडे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते, याकडे काही इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. त्याहीपूर्वी एबेनेझर हॉवर्ड यांच्या १८९८ च्या उद्याननगरीच्या आराखड्यात सुमारे पाच हजार वस्तीचे प्रभाग आणि वर्तुळाकार हरितपट्ट्यातील शाळा होत्या. संज्ञेचे श्रेय ड्रमंड यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. परंतु त्या संज्ञेत मुलाचे पाऊल मोजमाप म्हणून आणण्याचे श्रेय पेरी यांच्याकडेच राहते, कारण रसेल सेज प्रतिष्ठानात त्यांनी आधीची अनेक वर्षे शाळागृहांचा सार्वजनिक वापर आणि क्रीडांगणे याच विषयांवर काम केले होते. शेजार-एककामुळे एकसारख्या वर्गाच्याच लोकांची वस्ती होते, हा १९४८ मध्ये रेजिनल्ड आयझॅक्स यांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे. तो त्या कल्पनेच्या सामाजिक अंगाला लागू पडतो. अंतराच्या गणिताला त्याने फारसा धक्का लागत नाही.

पेरींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी क्लॅरन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी न्यू जर्सीतील रॅडबर्न वसाहतीत वाहने आणि पादचारी यांना पूर्णपणे वेगळे केले. घरांची पुढची बाजू सामाईक हिरवळीकडे, मागची बाजू मोटारींच्या बंद गल्लीकडे, आणि मोठ्या रस्त्याखालून जाणारा भुयारी पायमार्ग, अशी ती रचना होती. पुढे रॅडबर्नच्या धर्तीवर झालेल्या वसाहतींत एक गोष्ट वारंवार दिसली : मुले त्यांच्यासाठी राखलेल्या हिरवळीऐवजी मोटारींच्या बंद गल्लीतच खेळत. तेथे फरसबंद जमीन होती, येणारे-जाणारे होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक ऐकू येत होती. बंद गल्लीविषयीचा मतभेद येथून सुरू होतो आणि आजही मिटलेला नाही. एका पक्षाच्या मते एकमेकांना जोडलेले, वारंवार चौक असलेले रस्ते चालण्यास प्रवृत्त करतात, कारण शाळा आणि दुकान जवळ येते. बंद गल्ल्यांच्या वसाहतीत शेजारचे घरही वळसा घालून गाठावे लागते. दुसऱ्या पक्षाच्या मते हा निष्कर्ष मुख्यतः प्रौढांच्या चालण्यावरून काढलेला असून, लहान मुलांचा दारापुढचा खेळ मात्र जेथून वाहने आरपार जात नाहीत त्या गल्लीतच अधिक होतो. दोन्ही निरीक्षणांना आधार आहे. ती दोन वेगवेगळ्या वयांविषयी आणि दोन वेगवेगळ्या प्रकारच्या हालचालींविषयी आहेत असे मानल्यास विरोध बराचसा मावळतो : चार-सहा वर्षांच्या मुलाला दारापुढची निर्धोक जागा हवी असते, तर बारा वर्षांच्या मुलाला कोठेतरी पोचवणारी वाट. पायी व सायकलने आरपार जाता येईल परंतु मोटारीने जाता येणार नाही, अशी गल्ली दोघांनाही उपयोगी पडते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेला आणि १९७६ मध्ये कायद्याने मान्य झालेला ‘वूनर्फ’ हा निवासी रस्त्याचा प्रकार याच विचारातून आला. त्यात रस्त्याच्या संपूर्ण रुंदीवर चालण्याचा व खेळण्याचा हक्क मान्य केला असून वाहनाला माणसाच्या चालीने जावे लागते.

भारतात शेजार-एककाचा सर्वांत ठळक अवतार म्हणजे चंडीगढचा सुमारे ८०० × १२०० मीटरांचा सेक्टर. त्यातून जाणाऱ्या हरितपट्ट्यात शाळा व खेळाच्या जागा ठेवलेल्या आहेत. मुलांच्या दृष्टीने त्याहून सूक्ष्म विचार महाराष्ट्रात झाला आहे. नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या वसाहतीत, जिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, सात घरे सुमारे ८ × ८ मीटरांच्या अंगणाभोवती बसविली आहेत. असे तीन समूह मिळून एकवीस घरांना सुमारे १२ × १२ मीटरांचे मोठे अंगण, आणि तशा तीन गटांना सुमारे २० × २० मीटरांचे पटांगण मिळते. ही मापे खेळांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. आठ मीटरांच्या अंगणात लंगडी आणि सागरगोटे, बारा मीटरांत लगोरी व पकडापकडी, वीस मीटरांत मोठ्या मुलांचे चेंडूचे खेळ बसतात; खो-खोचे प्रमाण मैदान सुमारे २७ × १६ मीटरांचे असल्याने ते यांपैकी कशातच बसत नाही आणि त्यासाठी वेगळे मैदानच लागते. वाढत्या वयाबरोबर मूल एकेक अंगण ओलांडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला ओळखणारी माणसे आसपास असतात, ही या रचनेची खरी ताकद आहे. घरे वाढवण्याची मुभा मूळ योजनेतच होती. तिचा वापर होऊन अनेक घरे बदलली, तरी अंगणांची ही उतरंड ओळखता येते.

चाळ ही योजनापूर्वक बालकांसाठी रचलेली वस्ती कधीच नव्हती. मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील २०७ बी.डी.डी. (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या त्या कामगारांना कमी खर्चात निवारा देण्यासाठी, आणि सुमारे १६० चौ. फुटांच्या खोलीत मूल मावत नव्हते म्हणूनच ते बाहेर होते, ही वस्तुस्थिती आठवणींच्या ओघात विसरली जाऊ नये. तरीही दोन चाळींमधली मोकळी जागा, जिना आणि मजल्यावरचा सामाईक मार्ग यांनी मिळून जे घडवले ते आजच्या बहुमजली पुनर्विकासात आपोआप येत नाही. विसाव्या मजल्यावरून मूल खाली जाते ते लिफ्टने आणि बहुधा मोठ्या माणसाबरोबर. खाली आल्यावर वाहनतळ आधी लागतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकारमानानुसार १५ ते २५ टक्के मनोरंजन-जागा सोडणे बंधनकारक होते. ही जागा वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, दाखवली तर चालेल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१३ च्या निकालात नियमाने ठरवलेली किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे असे न्यायालयाने म्हटले. मुलांच्या बाजूने पाहता हा निकाल महत्त्वाचा ठरतो, कारण पोडियमवर मोठे झाड रुजत नाही, खड्डा खणता येत नाही आणि शेजारच्या इमारतीतले मूल तेथे येऊ शकत नाही.

परिणामांच्या मोजणीचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील, वर्दळ सोडून इतर बाबतींत सारख्या अशा तीन रस्त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या रस्त्यावर रहिवाशाला त्या रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकाहून कमी; वर्दळीच्या रस्त्यावर मुलांचा वावरही आटलेला होता. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन व सहकाऱ्यांना असे आढळले की सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी १९७१ मध्ये सुमारे ८० टक्के मुले मोठ्या माणसाविना शाळेत जात, तर १९९० मध्ये केवळ ९ टक्के. या काळात रस्त्यांवरील बालमृत्यू घटले होते. त्यावरून रस्ते सुरक्षित झाले असा अर्थ काढू नये, मुलांनाच रस्त्यावरून हटवले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे आणि ते पटण्याजोगे आहे. अलीकडे कमरेला बांधण्याचे गतिमापक आणि उपग्रहाधारित स्थाननोंद यांमुळे मूल कोठे व किती हालले हे एकत्र पाहता येते. २०११ मधील एका मोठ्या आढाव्यात लहान मुलांबाबत चालण्यायोग्यता, वाहनांचा वेग व संख्या, आणि खेळाच्या जागांची निकटता यांचा संबंध सर्वाधिक सातत्याने दिसला. मात्र बहुतेक अभ्यास एकाच वेळच्या पाहणीवर आधारलेले आहेत. मुलांना खेळू देण्याची आवड असलेली कुटुंबेच तशा वस्तीत राहायला जातात, ही शक्यता त्यांतून पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय हे पुरावे मुख्यतः उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप व ऑस्ट्रेलियातील असल्याने दाट वस्ती म्हणजे अधिक चालणे हे त्यांतील समीकरण मुंबईसारख्या आधीच अतिदाट शहराला जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

मुलगे व मुली यांच्यातील फरक रचनेशी कसा निगडित असतो हे व्हिएन्नात स्पष्ट झाले. साधारण दहाव्या वर्षानंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून दिसेनाशा होतात असे तेथे आढळल्यावर १९९९ पासून आइन्झिडलर व सेंट योहान या उद्यानांची फेरमांडणी करण्यात आली. एकच मोठे, कुंपणबंद मैदान चेंडू खेळणाऱ्या मुलग्यांच्या ताब्यात जाते. म्हणून जागेचे लहान भाग पाडले, पायवाटा व उजेड वाढवला आणि व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली. त्यानंतर मुलींचा वावर वाढला.