दारापुढची गाडी कौन्सिलने उचलून नेली तर

हे माहितीपत्रक लंडनमध्ये रेसिडेंट परमिटवर रस्त्यात गाडी लावणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. गणपतीला, दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला तीन-चार आठवडे भारतात जाऊन आल्यावर "गाडी जागेवर नाही" असा फोन आम्हाला वारंवार येतो. परमिट चालू असतं, त्याचे पैसे भरलेले असतात, गाडी स्वतःच्याच रस्त्यावर असते. मधल्या काळात कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, ती जागा कुणाच्या तरी सामानाच्या ट्रकसाठी, क्रेनसाठी किंवा गॅसच्या पाइपच्या कामासाठी सस्पेंड, म्हणजे तात्पुरती बंद, केलेली असते. त्याची पिवळी पाटी खांबावर लागली तेव्हा तुम्ही नाशकात होतात. अशा वेळी दाद मागता येते आणि ती मागायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे.

पण त्याआधी गाडी सोडवा

गाडी चोरीला गेली असं समजून पोलिसांकडे धावण्याआधी 'ट्रेस' या सेवेकडे नंबरप्लेट सांगून चौकशी करा. लंडन कौन्सिल्स ही संस्था ती चालवते, आणि गाडी कुणी उचलली, कुठे नेली हे तिथे कळतं. कधीकधी गाडी जप्त न करता शेजारच्या रस्त्यावर नुसती हलवलेली असते, म्हणून दोन-चार गल्ल्या फिरूनही पाहा.

गाडी कौन्सिलच्या आवारात असेल तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. एप्रिल २०२५ पासून लंडनमध्ये गाडी उचलून नेण्याचे २८० पाउंड लागतात आणि ठेवण्याचे रोजचे ५५ पाउंड. दंडाची नोटीस, म्हणजे पीसीएन, त्याहून वेगळी. ती १६० पाउंडांपर्यंत असू शकते, १४ दिवसांत भरली तर निम्मी. चार दिवस रागाने थांबलात तर नुसत्या ठेवणावळीतच दोनशेच्या वर जातात.

पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली असं समजून बरेच जण अडून बसतात. साध्या पीसीएनच्या बाबतीत ती भीती खरी आहे, कारण दंड भरला की प्रकरण तिथेच मिटतं. उचललेल्या गाडीचा नियम मात्र उलटा आहे: आधी पैसे भरून गाडी सोडवायची आणि मग हरकत घ्यायची. हरकत मान्य झाली तर दंड, उचलणावळ आणि ठेवणावळ, सगळं परत मिळतं.

जाताना ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, गाडीचं लॉगबुक (नोंदणीचा कागद) आणि किल्ली न्या. तुम्ही अजून भारतातच असाल आणि मित्र गाडी सोडवणार असेल तर त्याच्याकडे तुमचं सहीचं अधिकारपत्र द्या. गाडी ताब्यात घेताना हरकतीच्या हक्काबद्दल एक लेखी कागद मिळतो. तो फेकू नका, कारण मुदत तिथूनच सुरू होते.

हरकत कशी घ्यायची

त्या कागदानंतर २८ दिवसांत कौन्सिलकडे लेखी हरकत, म्हणजे रेप्रेझेंटेशन, पोहोचली पाहिजे. कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर हरकत मान्य झाली असं कायदा धरतो आणि पैसे परत करावे लागतात. म्हणून हरकत पाठवल्याचा दिवस सिद्ध करता येईल अशा रीतीनेच पाठवा: ऑनलाइन पाठवली तर पावतीचा ईमेल जपा, टपालाने पाठवली तर पोस्टाची पावती.

आता मुद्दा. "मी परगावी होतो, मला माहीत नव्हतं" एवढ्यावर हरकत क्वचितच टिकते. खरं वजन तारखेला असतं: पाटी कधी लागली आणि गाडी कधीपासून उभी होती. गाडी लावताना तिथे पाटी नव्हती हे दाखवता आलं तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते. त्यासाठी विमानाचं तिकीट, पासपोर्टवरचे शिक्के, जाण्याआधी काढलेला गाडीचा फोटो जोडा. समोरच्या घराच्या दारावर कॅमेरा असेल तर शेजाऱ्यांना चित्रण मागा; ते थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा लगेच मागा.

याच वेळी कौन्सिलकडूनही पुरावा मागा: सस्पेन्शनचा आदेश, पाटी लावल्याची नोंद आणि फोटो, पीसीएन लावतानाचे आणि गाडी उचलतानाचे वेळेसकट फोटो. गाडी उचलण्याआधी पीसीएन दिलेली असायला हवी. पाटीवरची तारीख, रस्त्याचं नाव, पार्किंगच्या किती जागा बंद आहेत हे शब्द न् शब्द तपासा. चालकाला पुरेशी माहिती मिळेल अशा पाट्या लावणं ही कौन्सिलची जबाबदारी आहे, आणि ती १९९६ च्या ट्रॅफिक ऑर्डर नियमावलीत लिहिलेली आहे. तीन घरांपुढची जागा बंद असताना पाटी एकाच टोकाला आणि झाडाआड असेल, तर हा मुद्दा हरकतीत सर्वांत वर मांडा.

नवी गाडी घेतली पण परमिटवर जुनाच नंबर राहिला, नंबर टाइप करताना ओ आणि शून्याची गल्लत झाली, अशा प्रकरणांत नियम तुमच्या विरुद्ध असतो. तरीही हरकत घ्या, आणि परमिटचे पैसे भरल्याचा पुरावा जोडून सवलत मागा. सबळ कारण पाहून दंड माफ करण्याचा अधिकार कौन्सिलला आहे.

नकार आला तर

नकाराचं पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत लंडन ट्रायब्युनल्स या स्वतंत्र लवादाकडे अपील करता येतं. त्याला फी नाही. कागदपत्रांवरच निर्णय मागता येतो किंवा सुनावणीत बोलता येतं. इथला ॲडज्युडिकेटर, म्हणजे निवाडा करणारा, कौन्सिलचा नोकर नसतो आणि त्याचा निर्णय कौन्सिलवर बंधनकारक असतो. मात्र तो कायद्याचे मुद्दे पाहतो. निव्वळ सहानुभूतीने दंड रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही, फार तर तो कौन्सिलला फेरविचार करायला सांगू शकतो. म्हणून सवलतीची विनंती पहिल्या हरकतीतच मन लावून लिहा.

लंडनबाहेर, म्हणजे स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स वगैरे ठिकाणी, अपील ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जातं आणि दरही बरेच कमी आहेत. रोड टॅक्स न भरल्यामुळे डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी संस्थेने नेलेल्या गाडीला वरची पद्धत लागू नाही. खाजगी जागेतून जागामालकाने दंडवसुलीसाठी गाडी उचलणं किंवा क्लॅम्प करणं तर इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून बेकायदा आहे. तसं झालं असेल तर थेट पोलिसांना कळवा.

पुढच्या खेपेला जाण्याआधी

बऱ्याच कौन्सिली सस्पेन्शनची सूचना ईमेलने देतात. तिथे नाव नोंदवा. परमिटच्या अटींमध्ये गाडी किती दिवसांनी पाहून यायची हे दिलं आहे का, तेही वाचा. गाडीची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा आणि आठवड्यातून दोनदा खांबाकडे नजर टाकायला सांगा. त्याने गाडी चालवायची असेल तर विम्यात त्याचं नाव घाला. निघण्याच्या दिवशी गाडी आणि आजूबाजूचे खांब दिसतील असे फोटो काढा.

साधं प्रकरण असेल तर हरकत तुम्ही स्वतःच लिहा. त्यासाठी आम्हाला पैसे देण्याची गरज नाही. पत्रातली भाषा अडली, पुरावा अपुरा वाटला किंवा सुनावणीला सोबत हवी असेल तेव्हा आमच्याकडे या. येताना पीसीएन, गाडी सोडवल्याची पावती, हरकतीच्या हक्काचा कागद आणि प्रवासाची तिकिटं आणा. २८ दिवसांतले निदान दहा दिवस हाती असतानाच या, कारण कौन्सिलकडून फोटो मिळायलाच वेळ लागतो.