गरोदरपणाआधीचं आयोडीन (मराठवाडा)

दिवस जायच्या आधी बाईच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत आयोडीनचा साठा किती आहे, तो हा विषय. दवाखान्यात याची चर्चा झालीच तर उशिरा होते, कारण पाळी चुकली, मग थोडी वाट बघितली, मग तपासणी, मग नावनोंदणी, असं करेपर्यंत दीड-दोन महिने निघून गेलेले असतात. आणि साधारण पहिले तीन महिने तर बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते, मेंदूला लागणारं थायरॉईडचं हार्मोन, जे आयोडीनपासून बनतं, ते सगळं आईकडूनच जातं. म्हणून साठा आधी पाहिजे.

एरवी बाईला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. हार्मोन जास्त बनवावं लागतं, लघवीतून आयोडीन जास्त जातं, पुढं बाळाचाही वाटा असतो. कमी पडलं की ग्रंथी सुजते (गलगंड), गर्भपाताचा आणि पोटातच मूल दगावण्याचा धोका वाढतो, आणि कमतरता फार असेल तर लेकराच्या बुद्धीचं आणि ऐकण्याचं कायमचं नुकसान होतं.

मराठवाड्यात समुद्रातले मासे ताटात क्वचितच येतात, जायकवाडीच्या गोड्या पाण्यातल्या माशात आयोडीन कमी, दूध-अंडी थोडंफार देतात, बाकी सगळी भिस्त मिठावर. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, त्याआधी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला होता. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. दुकानात मिळणाऱ्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, त्या हिशोबानं किमान प्रतीच्या मिठातून ७५ च मिळणार, आणि तेही घरात नीट टिकलं तर.

ते टिकतच नाही ही खरी अडचण. माझ्या मावशीच्या घरी खडेमीठ चुलीच्या कडंला उघड्या मडक्यात असायचं, पावसाळ्यात पाणी सुटायचं आणि वापरायच्या आधी मावशी ते स्वच्छ म्हणून धुवायची, म्हणजे वर आयोडीन असलंच तर ते मोरीतून वाहून जायचं. लोणच्याला तर खडेमीठच पाहिजे. उपासाचं शेंदेलोण वेगळंच, त्यात आयोडीन नावापुरतं, आणि हल्ली तब्येतीला चांगलं म्हणून लोक ते रोजच्या भाजीतही घालायला लागलेत, हे मला पटत नाही. पिशवीतलं मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावं आणि भाजीत शेवटी घालावं. काही ठिकाणी आशाताई किट घेऊन येतात, बशीतल्या चिमूटभर मिठावर थेंब टाकला की आयोडीन असेल तर निळं-जांभळं होतं, नसेल तर तसंच पांढरं राहतं.

बाजरी थायरॉईडच्या कामात थोडा अडथळा आणते हे खरं, पण ते आयोडीन कमी असणाऱ्यांना जास्त बाधतं, बाकीच्यांनी भोगीची तीळ लावलेली भाकरी बिनधास्त खावी. रक्त कमी असलं तरी थायरॉईड नीट चालत नाही, म्हणून लोहाची लाल गोळी महत्त्वाचीच, पण त्या गोळीत आयोडीन नसतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आयोडीनची गोळी मात्र मनानं सुरू करू नये, जास्त झालं तरी थायरॉईड बिघडते. आणि जिला आधीच थायरॉईडची गोळी चालू आहे तिनं दिवस गेले म्हणून ती बंद करू नये, उलट लगेच डॉक्टरांना सांगावं, डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो.