चांगी विमानतळ

सिंगापूर बेटाच्या पूर्व टोकाला, मोठ्या प्रमाणावर समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर उभारलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ. पाया लेबार येथील जुना विमानतळ वस्तीने वेढला गेल्यामुळे विस्ताराला वाव उरला नव्हता; म्हणून १९७५ मध्ये शासनाने चांगीची निवड केली. येथे विमानांना समुद्रावरून ये-जा करता येते, हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. १ जुलै १९८१ रोजी वाहतूक सुरू झाली, तर २०१९ मध्ये सुमारे ६.८३ कोटी प्रवाशांनी हा विमानतळ वापरला. सिंगापूरमध्ये देशांतर्गत विमानसेवाच नसल्याने ही सारी वर्दळ परदेशी प्रवासाची आहे.

मुंबईहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना येथे विमान बदलणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. टर्मिनल १, २ व ३ मध्ये उतरलेले आणि निघालेले प्रवासी एकाच दालनात वावरतात, आणि सामानाची सुरक्षा तपासणी प्रत्येक गेटपाशी होते. यामुळे दुकाने, उपाहारगृहे, टर्मिनल ३ मधील फुलपाखरांची बाग हे सर्व पुढच्या विमानाची वाट पाहणाऱ्यालाही सहज पाहता येते. मात्र गेटवर वेळेपूर्वी पोहोचावे लागते आणि पाण्याची बाटली तेथे रिकामी करावी लागते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल ४ मध्ये ही तपासणी एकाच ठिकाणी होते. पहिली तीन टर्मिनले स्कायट्रेन या विमानतळावरील छोट्या रेल्वेने जोडलेली असून चौथ्याकडे बसने जावे लागते. ही बदली असल्यास हाताशी जास्त वेळ ठेवणेच शहाणपणाचे.

वास्तुविशारद मोशे सफ्दी यांनी रचलेले ‘ज्वेल’ हे काचेचे संकुल २०१९ मध्ये खुले झाले. त्यातील ४० मीटर उंचीचा धबधबा विलक्षण देखणा आहे, पण ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. भारतीय पारपत्रधारकांना त्यात फिरण्यासाठी सिंगापूरच्या प्रवेशाची परवानगी लागते, आणि हे ठाऊक नसल्याने अनेकांची निराशा होते. साडेपाच तासांहून अधिक मुक्काम असणाऱ्यांसाठीच्या मोफत शहरदर्शन सहलीलाही हीच अट आहे. स्कायट्रेनच्या खिडकीतून मात्र धबधब्याचे ओझरते दर्शन घडते.

शहरात जाण्यासाठी मेट्रो स्थानक टर्मिनल २ व ३ लगत आहे. तानाह मेराह येथे गाडी बदलावी लागते. सिंगापूरची वेळ भारतापेक्षा अडीच तास पुढे असते. पाचव्या टर्मिनलच्या बांधकामाचा प्रारंभ मे २०२५ मध्ये झाला.