खातरजमा: खानदेशातल्या बातमीदारीची पार्श्वभूमी

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना गाठले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. कोणी मारले याचा निवाडा झाला. माणसांना मारण्याइतकी खात्री त्या बाजारात आली कुठून, याचे उत्तर मात्र बातमी लिहिणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या आपल्या सगळ्यांना द्यायचे आहे.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत आठवा. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रफीत कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मूल पळवायला क्षणही पुरतो, असा फलक धरतात. हा शेवटच कोणीतरी कापून टाकला. उरले ते ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ या ओळीसह मोबाइलवर येऊन पडले.

तेव्हा मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. आमच्या पानावरही ‘मुले पळवणारी टोळी सक्रिय?’ असा मथळा गेला होता. शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की आपण सुटलो, असे आम्हाला वाटायचे. पारावर पेपर वाचून दाखवणारा माणूस प्रश्नचिन्ह वाचत नाही. तो ‘टोळी सक्रिय’ एवढेच वाचतो. पोलीस ठाण्याला एक फोन करून मूल पळवल्याची एक तरी नोंद झाली आहे का, एवढे विचारले असते तर ती बातमी उभीच राहिली नसती. तो फोन आम्ही केला नाही. हे मी आजही विसरू शकत नाही.

खरे तर या भागाला याहून चांगला वारसा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि समोर बसलेले साने गुरुजी ते हाताने टिपून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा प्रवचने. ती आजही विनोबांची वाणी म्हणूनच वाचली जातात. दुसऱ्याचा शब्द आपल्या हातून जाताना तो त्याचाच राहील याची काळजी घेणे, मला वाटते, बातमीदाराचे पहिले काम इथेच शिकता येते. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. वाचणारी मुले शेजारच्याच खोल्यांत राहणारी. चुकीचे लिहिले तर सकाळी त्यांच्याच तोंडासमोर उभे राहायचे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले.

नियमांची चौकट नंतर आली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात वृत्तपत्र परिषदेची शिफारस केली आणि १९६६ मध्ये परिषद अस्तित्वात आली. आणीबाणीत ती बरखास्त झाली, १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. तिने आचारसंहिता घालून दिली, पण तिच्या हाती शिक्षा नाही. ती समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करू शकत नाही. शिवाय तिचा अधिकार छापील वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता. वाहिन्या त्याबाहेर, मोबाइल तर त्याहून बाहेर.

राईनपाड्याच्या तीन आठवडे आधी, जून २०१८ मध्येच, जामनेर तालुक्यातल्या वाकडीत विहिरीत पोहल्याबद्दल मुलांना नग्न करून मारले गेले. त्याची चित्रफीत मारणाऱ्यांच्या बाजूनेच काढलेली होती. अत्याचार उघड व्हायलाच हवा होता, यात वाद नाही. पण त्या मुलांची उघडी अंगे देशभर फिरवून आपण त्यांची बाजू घेतली असे म्हणता येत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि पोक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम २३ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात. ही कलमे ज्या पत्रकाराला पाठ नाहीत, त्याने मुलांच्या बातमीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मारणाऱ्याने लाजवण्यासाठी काढलेले चित्र जसेच्या तसे दाखवले, की त्याचे अर्धवट राहिलेले काम आपण पुरे करतो.

राईनपाड्यानंतर हालचाल झाली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यासह अनेक निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाच हा आकडाही मोठाच आहे. पाचांनी प्रत्येकी पाचांना पाठवला तरी तिसऱ्या फेरीला सव्वाशे होतात, आणि आमच्याकडे एकेक गट अख्ख्या गावाचा असतो.

त्याच १ जुलैच्या रात्री खानदेशाला लागून असलेल्या मालेगावातही जमाव जमला होता. तिथे संशय पाच जणांच्या एका कुटुंबावर होता आणि त्यांच्यासोबत त्यांचे स्वतःचेच लहान मूल होते. अफवा तीच, जमावाचा रागही तोच. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, दार लावले आणि पोलीस येईपर्यंत ते उघडले नाही. चिडलेल्या जमावाने पोलिसांची गाडी उलटवली, पण ते पाचही जण जिवंत बाहेर पडले.