फोमची स्तंभशीर्षे आणि तळ : विदर्भातल्या घरांपर्यंतचा प्रवास

विदर्भातल्या तालुका रस्त्यांच्या कडेला गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या अनेक नव्या घरांच्या पोर्चला गोल खांब असतात, त्या खांबांवर पानाफुलांची रुंद शीर्षे असतात आणि पायाशी एकावर एक वळी चढवलेले तळ असतात. लांबून ते सगळे दगडी किंवा सिमेंटचे वाटते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे काम पांढऱ्या फोमच्या, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत थर्माकोलच्या, ठोकळ्यातून कापलेले असते आणि त्यावर सिमेंट-पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, त्यानंतर या वस्तूबद्दलची चर्चा गुंतागुंतीची झाली आणि तो गुंता अजून पूर्ण सुटलेला नाही. मात्र बंदीच्या वादात एक मूळ मुद्दा बाजूला पडला, तो म्हणजे शीर्ष आणि तळ हे दोन भाग आज जोडीने विकले जात असले, तरी त्यांची कामे पहिल्यापासून वेगळी होती.

शीर्षाचे काम भार पसरवण्याचे होते. वरची तुळई किंवा दगडी पाट खांबाच्या अरुंद माथ्यावर थेट टेकला, तर त्याला मधल्या गाळ्यात आधार कमी पडतो, म्हणून माथा रुंद केला जाई. विदर्भातल्या हेमाडपंती देवळांच्या खांबांवर चारही बाजूंना पुढे आलेले हस्त, म्हणजे दगडी हात, आणि भार पेलणाऱ्या मूर्ती, म्हणजे कीचक, दिसतात, ते याच गरजेतून आलेले आहेत. कोरीव काम त्या गरजेवर चढलेले आहे. पुढच्या काळातल्या सागवानी वाड्यांत हेच काम लाकडाने केले. खांब सुरूच्या झाडासारखा निमुळता, त्याच्या माथ्याशी कोरीव हात, सांध्याशी केळफूल, आणि खाली दगडाचा तळखडा. तळखड्याचे काम मात्र अगदी निराळे होते. लाकूड जमिनीपासून वर उचलून धरायचे, म्हणजे ओल आणि वाळवी खांबात चढत नाही, पावसाचे उडालेले पाणी दगडावरच थांबते आणि बैलगाडीचा, गुरांचा किंवा भांड्यांचा धक्का लाकडाला न बसता दगडाला बसतो. पडक्या वाड्यांत लाकूड विकले गेल्यावरही तळखडे जागच्या जागी राहिलेले आढळतात.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि कापसाच्या पैशाबरोबर इमारतींची नवी वळणेही वऱ्हाडात व नागपूर प्रांतात आली. कचेऱ्या, बंगले आणि शाळा यांच्या दर्शनी भागात ग्रीक-रोमन पद्धतीचे खांब आले. विटांचा खांब बांधायचा, त्यावर चुन्याचा गिलावा करायचा आणि ओल्या गिलाव्यावर साच्याची पट्टी फिरवून वळी काढायची, ही त्या कामाची रीत होती. पूर्वेकडचे मालगुजार, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारे जमीनमालक, आणि वऱ्हाडातले सधन घरमालक यांनी ती उचलली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तरी घराच्या तोंडाशी जाड गोल खांब असणे ही प्रतिष्ठेची कल्पना टिकून राहिली. आजच्या पोर्चमागे तीच कल्पना आहे, असे मला वाटते.

लोखंडी सळ्यांचे काँक्रीट गावात रुळले, तेव्हा शीर्षाचे काम संपले. कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतले जातात, त्यामुळे भार पसरवण्यासाठी माथा रुंद करण्याची गरज साध्या घरात उरत नाही. नऊ इंच बाय बारा इंचाचा चौकोनी कॉलम घराला पुरतो, पण तो दिसायला किरकोळ असतो. मग त्याभोवती गोल आवरण आणि वर शीर्ष हवे झाले. सुरुवातीला हे काम मिस्त्री जागेवरच विटा आणि सिमेंटने करत. त्यानंतर साच्यातली तयार सिमेंटची शीर्षे मिळू लागली आणि आतल्या भागासाठी पीओपीची. पीओपी बाहेरच्या पावसात टिकत नाही, कारण ते जिप्सम आहे आणि पाण्याने मऊ पडते. सिमेंटची अडचण वजनाची होती. दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट उंच अशा शीर्षात कोरीव खाचा वजा जाता साधारण ०.१ घनमीटर माल धरला, तर काँक्रीटमध्ये त्याचे वजन सुमारे २४० किलो भरते. ते वर चढवायला परात आणि दोर पुरत नाहीत, आणि नंतर चिकटवलेले असेल तर ते सुटण्याची भीती कायम राहते. तेवढ्याच आकाराचा, घनमीटरला २० किलो घनतेचा फोम दोन किलोचा होतो. वरच्या थराचे काही किलो धरले, तरी एक माणूस ते शिडीवर नेऊ शकतो. फोमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

फोमचा स्वतःचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५० च्या सुमारास एका जर्मन रासायनिक कंपनीत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या मण्यांत पेंटेन हे चटकन वायू होणारे रसायन मुरवून ते वाफेने फुगवण्याची पद्धत सापडली. फुगलेले मणी काही काळ मुरू दिले जातात, साच्यात पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवले जातात, आणि तयार झालेल्या ठोकळ्यात सुमारे ९८ टक्के हवा असते. युरोपात हे ठोकळे भिंतीच्या बाहेरून लावून त्यावर जाळी आणि पातळ गिलावा देण्याची पद्धत निघाली, ती थंडीपासून बचावासाठी होती. १९६९ मध्ये ती अमेरिकेत गेली आणि तिथे तेलाच्या टंचाईनंतर पसरली. भिंतीवर फोम लावायचाच आहे, तर त्याच फोमचे कंगोरे, चौकटी आणि खांबांची शीर्षे का कापू नयेत, हा विचार तिथे रुजला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत सांध्यांतून आत शिरलेले पाणी बाहेर न पडल्याने आतले लाकूड कुजलेले आढळले आणि मोठे दावे झाले. फोम स्वतः कुजला नव्हता. आत गेलेल्या पाण्याला वाट ठेवलेली नव्हती. हा धडा आपल्या कामाला लागू पडतो, पण फोमबरोबर तो इथे आला नाही.

आपल्याकडे ही वस्तू बांधकामाच्या वाटेने कमी आणि सजावटीच्या वाटेने जास्त आली. गणपतीची मखरे, लग्नाच्या स्टेजवरची अक्षरे आणि मंडपातले देखावे थर्माकोलमधून कापणारे कारागीर विदर्भातल्या प्रत्येक मोठ्या बाजारपेठेच्या गावात होते. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना हात किती वेगाने फिरवला म्हणजे कड जळत नाही, वळण कुठे सोडायचे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. संगणकावर चालणारी तार आली, तेव्हा गोल वळी आणि एकसारखी पाने बिनचूक निघू लागली. मंडपाचा खांब मात्र चार दिवस उभा राहायचा असतो आणि घराचा खांब मालकाच्या हयातीत तरी उभा राहावा लागतो. काम तेच, कारागीर तेच, पण कसोटी बदलली होती, आणि नेमक्या त्याच वेळी बंदी आली.

राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलची ताटे, वाट्या आणि पेले यांवर बंदी घातली आणि सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यासही मनाई केली. दिलेली मुदत २३ जूनला संपली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद अशी शिक्षा ठरली. जुलैमध्ये थर्माकोलचा धंदा करणाऱ्यांनी गणेशोत्सवापुरती सवलत मागितली, ती उच्च न्यायालयाने नाकारली. मखरांच्या बाबतीत हा निर्णय योग्यच होता. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी नदीत, तलावात आणि उकिरड्यावर जाणारा तो ढीग विदर्भातल्या प्रत्येक गावाने पाहिलेला आहे.

प्रश्न खांबाच्या शीर्षाचा आहे. ते सजावटीचे आहे, हे नाकारता येत नाही. भार तर ते उचलतच नाही, उष्णतेपासून बचावही करत नाही. या अर्थाने पाहिले तर मनाई त्यालाही लागू होते, असे म्हणणारे चूक नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की घराला पक्के चिकटवलेले, वरून सिमेंटचा थर दिलेले शीर्ष हा बांधकामाचा भाग आहे आणि मखराच्या मापाने त्याला मोजता येणार नाही. माझ्या मते निर्णय ज्या कायद्याच्या आधारावर उभा आहे, त्याकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू अधिक पटते. २०१८ ची अधिसूचना २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियमाखाली निघाली. कायदा कचऱ्याचा आहे, म्हणून वस्तू कचरा केव्हा होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. केंद्राने १२ ऑगस्ट २०२१ रोजी नियमांत दुरुस्ती केली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली, तीसुद्धा एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या यादीत. एकदा बसवून वर्षानुवर्षे जागेवर राहणारे शीर्ष त्या व्याख्येत ओढूनताणूनच बसवावे लागेल.

तरीही फोमच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट झाकून ठेवू नये. गोल शीर्ष चौकोनी ठोकळ्यातून निघते आणि कोपऱ्यांचा माल वाया जातो. कापताना आणि घासताना निघणारे मणी वाऱ्याने उडतात, नालीत जातात आणि पहिल्या पावसात शेताच्या बांधापर्यंत पोहोचतात. कायद्याला ज्या कचऱ्याची भीती होती, तो हाच आहे, आणि तो शीर्षापेक्षा कारखान्याच्या आणि बांधकामाच्या जागेवर तयार होतो. निर्णयाने वस्तूच्या उपयोगावर बोट ठेवले; उरलेल्या तुकड्यांचा हिशेब मागितला असता, ते तुकडे गोळा करून परत ठोकळ्यात घालण्याची सक्ती केली असती, तर वादही कमी झाला असता आणि नालीही कमी तुंबली असती. घर पाडताना सिमेंटच्या थरासकट निघणारा फोम कुठे टाकायचा, याचे उत्तर तर आज कोणत्याच ग्रामपंचायतीकडे नाही.

बंदीच्या चर्चेमुळे टिकाऊपणाचे प्रश्न मागे राहिले. औष्णिक बचावासाठीच्या फोमला आयएस ४६७१ हे भारतीय मानक आहे आणि त्यात घनतेच्या श्रेणी आहेत. शोभेच्या शीर्षाच्या खरेदीत मात्र घनतेची चौकशी फारशी होत नाही. हलक्या मालाचे मणी बोटाने सुटतात, जड मालाचे सुटत नाहीत, एवढी परीक्षा कोणालाही करता येते. दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. पॉलिस्टायरीन सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दीर्घकाळ राहिले, की आकार सोडू लागते. चंद्रपूर, नागपूर आणि अकोल्याच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या वर जाते, आणि गडद तपकिरी किंवा काळ्या रंगाचा पृष्ठभाग भर दुपारी त्याहून कितीतरी अधिक तापतो. फिका रंग लावणे ही इथे चवीची बाब उरत नाही. रंगाबाबत आणखी एक धोका आहे. थिनर, पेट्रोल किंवा तशा द्रावकाचा डिंक व ऑइल पेंट उघड्या फोमला लागला, की फोम विरघळून खड्डा पडतो. म्हणून रंगाऱ्याला आत काय आहे हे आधी सांगणे आवश्यक असते. वरच्या थरात काचतंतूची जाळी नसेल, तर गारपीट आणि वानरांच्या उड्या यांपुढे तो थर टिकत नाही. आणि काळ्या मातीवरचे घर उन्हाळ्यात व पावसाळ्यात हलते, त्यामुळे कॉलमभोवती जोडलेल्या दोन अर्धगोल तुकड्यांचा सांधा जिथे बीमला भिडतो तिथे बारीक चीर पडते. ती चीर लवचीक मसाल्याने भरली नाही, तर पाणी आत जाते आणि नॉर्थ कॅरोलायनात जे झाले त्याची सुरुवात होते. आपल्याकडे आत लाकूड नसते हे खरे, पण कॉलममधल्या सळ्या गंजू शकतात.

हे सगळे प्रश्न शीर्षापेक्षा तळाला जास्त तीव्रतेने लागू होतात, आणि इथे सध्याच्या प्रथेशी माझा स्पष्ट मतभेद आहे. शीर्ष दहा फुटांवर असते, त्याला हात लागत नाही, स्लॅबची सावली मिळते आणि वजन कमी असणे हा तिथे खरा गुण आहे. तळ जमिनीवर असतो. रोजची सडा-फरशी, पावसाचे शिंतोडे, मोटारसायकलचे स्टँड, खेळणारी मुले, शिंगे घासणारी गाय, फोम कुरतडून बीळ करणारे उंदीर, आणि हिवाळ्यात पोर्चमध्येच पेटवलेली शेकोटी, हे सगळे त्याच्या वाट्याला येते. फोम पेट घेतो, वितळून थेंब गाळतो आणि काळा दाट धूर सोडतो. ज्वालारोधक प्रकार मिळतो, पण तो मागून घ्यावा लागतो. तळाच्या बाबतीत हलकेपणाचा काहीच फायदा नाही, कारण तो कुठे चढवायचा नसतो. तरीही शीर्ष आणि तळ एकाच नमुन्याचे, एकाच मालाचे आणि एकाच दराच्या जोडीत विकले जातात, आणि घरमालक ती जोडी तशीच घेतो. आधी खराब होतो तो तळच : कडा फुटतात, जाळी उघडी पडते, आतला पांढरा भाग दिसू लागतो. तळासाठी जागेवर ओतलेले सिमेंट किंवा घडवलेला दगड आणि वर फोमचे शीर्ष, अशी विभागणी करणारे मिस्त्री आहेत. खर्चात त्याने मोठा फरक पडत नाही, कारण चार खांबांचे तळ एका दिवसात साच्याने ओतता येतात.

नमुन्यांचा विषयही याच्याशी जोडलेला आहे. सध्या जे विकले जाते त्यात रोमन वळणाच्या काटेरी पानांचा भरणा आहे, कारण संगणकाला दिलेल्या तयार आकृत्या त्याच आहेत. तारेला मात्र कोणत्याही आकाराचे वावडे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या जुन्या देवळाच्या खांबांवरच्या पट्ट्या, वाड्यांतले केळफूल किंवा सुरूदार खांबाचा निमुळता घाट यांची मापे घेऊन आकृत्या तयार केल्या, तर त्याच यंत्रावर त्याच खर्चात ते निघू शकतात. खोल कोरीव मूर्तिकाम तारेने निघत नाही, त्याला फिरते पाते लागते आणि वेळ जास्त जातो. वळी, पट्ट्या आणि कमळाच्या पाकळ्या मात्र सहज निघतात. जुने वाडे पडण्याचा वेग पाहता ही मापे आताच घेऊन ठेवली पाहिजेत, आणि त्यासाठी लागते ती एक मोजपट्टी, मापाचा कागद आणि वाडा पाडायला सुरुवात होण्याआधी मालकाची परवानगी.