मृत्यू ५ तारखेला, सण ६ला: कॅथलिक संतांच्या तारखांमागचा हिशेब

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले, ते ५ फेब्रुवारी १५९७ रोजी. चर्चच्या जागतिक दिनदर्शिकेत मात्र त्यांचा सण ६ फेब्रुवारीला आहे, आणि तोही 'पॉल मिकी व सहकारी' या नावाखाली. फ्रान्सिस्कन ६, येशूसंघीय (जेझुइट) ३ आणि सामान्य प्रापंचिक १७ अशा २६ हुतात्म्यांत गोन्सालो एक. म्हणून यादीत त्यांचे नाव वर दिसत नाही. आणि ५ फेब्रुवारी आधीच अडलेली होती. सिसिलीतील कातानियाच्या संत आगाथा यांचा तो दिवस फार जुना, रोमन मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेतही त्यांचे नाव आहे. नव्याला एक दिवस पुढे सरकावे लागले. जपानमध्ये स्थानिक दिनदर्शिकेनुसार हा सण ५लाच होतो.

संतांचा सण म्हणजे जयंती, हा समज सर्वसाधारण आहे आणि चुकीचा आहे. तो असतो पुण्यतिथीचा. आळंदीत माउलींचा समाधी सोहळा होतो, देहूत तुकाराम बीज होते. ख्रिस्ती परंपराही याच अंगाने जाते. फरक इतकाच की लॅटिन भाषेत मृत्यूच्या दिवसालाच 'जन्मदिवस' म्हटले गेले: स्वर्गातला जन्म. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे बिशप पॉलिकार्प यांना ठार मारल्यावर तिथल्या मंडळीने दुसऱ्या चर्चला पत्र लिहिले. त्यात अस्थी जपून ठेवल्याचे आणि हौतात्म्याचा 'जन्मदिवस' दरवर्षी पाळणार असल्याचे लिहिले आहे. रोममध्ये ३५४ सालच्या एका पंचांगात हुतात्म्यांच्या दफनांची यादी सापडते. नोंदी रोखठोक आहेत: तारीख, नाव, कुठल्या दफनभूमीत. त्या दिवशी लोकांनी त्या कबरीपाशी जमायचे, एवढाच उपयोग. म्हणजे संतांचे चरित्र बहुतेकदा नंतर लिहिले गेले. आधी होती ती तारीख आणि कबरीचा पत्ता.

जन्माचे सण रोमन दिनदर्शिकेत तीनच: येशूचा २५ डिसेंबर, मारियेचा ८ सप्टेंबर (वांद्र्याची मोत माउलीची जत्रा याच सणाची, ८ तारखेला रविवार नसेल तर पुढच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते) आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा २४ जून, म्हणजे गोव्याचा सांजाव. शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. मग २५ जून का नाही? कारण रोमन लोक तारखा पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून उलट मोजत, आणि तो पहिला दिवसही मोजणीत धरत. १ जानेवारीपासून मागे आठवा दिवस २५ डिसेंबर. १ जुलैपासून मागे आठवा दिवस मात्र २४ जून, कारण जूनला ३१ तारीखच नाही. बोटांवर मोजून पाहा, बरोबर येते.

दिवस सूर्यास्ताला बदलतो या जुन्या मोजणीनेही तारखा हलल्या. असिसीचे फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६च्या संध्याकाळी वारले, सण ४ ऑक्टोबरला. आविलाच्या तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२च्या रात्री वारल्या आणि दुसऱ्या दिवशी स्पेनमध्ये उजाडली १५ ऑक्टोबर! पोप ग्रेगरी तेरावे यांची दिनदर्शिका त्याच रात्री लागू झाली आणि दहा दिवस गळाले. त्यांचा सण १५ ऑक्टोबरला, यात कोणाची चूक नाही.

सर्वांत मोठी फेरमांडणी १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी केली. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) आणि नाताळपूर्व आगमनकाळाच्या शेवटच्या दिवसांत संतांच्या सणांची गर्दी नको, हा त्यामागचा विचार. थॉमस अक्वायनस ७ मार्च १२७४ला वारले. तो दिवस हमखास प्रायश्चित्तकाळाच्या आसपास येतो. म्हणून त्यांचे अवशेष तुलूझला नेल्याची तारीख, २८ जानेवारी, घेतली. प्रेषित थॉमस २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आले. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत ३ जुलै पूर्वापार होतीच. इथे रोमने त्यांच्याशी जुळवून घेतले असे म्हणायला हरकत नाही. व्हॅलेंटाईन आणि क्रिस्टोफर जागतिक यादीतून वगळले गेले. त्यावरून 'त्यांचे संतपद काढले' असे अजून बोलले जाते. ते खरे नाही. हुतात्म्यांच्या अधिकृत नोंदवहीत दोघेही आहेत. सगळ्या जगाने तो दिवस पाळावा ही अपेक्षा तेवढी संपली.

दोन सण एकाच दिवशी आले तर दर्जा पाहतात: महोत्सव, सण, स्मरणदिन, ऐच्छिक स्मरणदिन. पण आगमन आणि प्रायश्चित्तकाळातले रविवार महोत्सवालाही जागा देत नाहीत. ८ डिसेंबर २०२४ रविवार होता, म्हणून मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा महोत्सव सोमवारी, ९ला झाला. २०२२मध्ये २४ जूनला येशूच्या पवित्र हृदयाचा महोत्सव आला, तर योहान एक दिवस आधी, २३ला गेले. स्मरणदिनाला असे सरकवत नाहीत. रविवारी आला की त्या वर्षापुरता तो गळतो.

नोव्हेना, म्हणजे सणापूर्वीची नऊ दिवसांची प्रार्थना, धरताना नेहमीची चूक होते ती सणाचा दिवस नवात मोजण्याची. नऊ दिवस सणाच्या आदल्या दिवशी पुरे व्हायला हवेत. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर वारले. म्हणून जुन्या गोव्यात नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होतो, २ डिसेंबरला संपतो आणि ३ला फेस्त, म्हणजे सण. २५ला सुरुवात केली तर नववा दिवस फेस्ताच्याच दिवशी पडतो.